सिएनाच्या चौकातला सोमवार

आमच्या मागचं फाटक बंद झालं तेव्हा मी घड्याळात पाहिलं. चार वाजून चाळीस मिनिटं. दोन पोलिसांनी लाकडी फळ्या आडव्या घातल्या आणि चौकाच्या मधोमध उभी असलेली आम्ही हजारो माणसं आत कोंडली गेलो. माझा अंदाज पाच मिनिटांनी चुकला, एवढंच मला त्या वेळी वाटलं.

"आता बाहेर कधी जायचं?" माईंनी विचारलं.

"शर्यत झाल्यावर. साडेसात धरा."

"बरं," माई म्हणाल्या.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. मिरजेच्या, तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या, फिक्या जांभळ्या सुती साडीखाली पांढरे बूट घातलेल्या. एकोणीस वर्षांत मी काहीही सुचवलं तरी त्यांचं उत्तर हेच असायचं. यंदा दिवाळीला येणार नाही म्हटलं, बरं. आंब्याची पेटी नको, ठेवायला जागा नाही म्हटलं, बरं. मित्र आपापल्या सासवांची गाऱ्हाणी सांगू लागले की मी कॉलर ताठ करून म्हणायचो, सासू मिळावी तर आमच्यासारखी. जावई म्हणजे दहावा ग्रह, असंही मीच त्यांच्यादेखत चारचौघांत म्हणायचो आणि सगळ्यांत आधी त्याच हसायच्या.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा मी कोल्हापुरात एका फौंड्रीत उत्पादनाचं वेळापत्रक सांभाळायचो. कुठल्या भट्टीत किती वाजता किती लोखंड वितळवायचं, साचे कधी तयार हवेत, हे मिनिटावर ठरवणारा माणूस मी. इटलीची सहल काय नशिबावर सोडणार होतो? वर्षभर खपून बारा दिवसांचा कागद तयार केला. व्हेनिस, फ्लॉरेन्स काय सगळेच करतात. माझ्या कागदावर मधोमध लाल शाईनं लिहिलं होतं, सोळा ऑगस्ट, सोमवार, सिएना, पालिओ.

पालिओ ही घोड्यांची शर्यत. सिएना हे जुनं गाव सतरा पेठांचं आणि प्रत्येक पेठेची एक निशाणी, कुणाची हंस, कुणाची कासव, कुणाची सुरवंट. वर्षातून दोनदा गावच्या मुख्य चौकाच्या कडेनं माती अंथरतात आणि दहा पेठांचे दहा घोडे, पाठीवर खोगीर न घालता, चौकाला तीन फेरे मारतात. दीड मिनिटात सगळा खेळ खलास. बक्षीस काय, तर एक रंगवलेला रेशमी झेंडा. तेवढ्यासाठी ही माणसं वर्षभर एकमेकांशी भांडतात आणि हरली की लहान पोरांसारखी रडतात. चौकाच्या मधल्या जागेत उभं राहून बघायला तिकीट लागत नाही. फक्त लवकर यायचं आणि फाटक लागलं की शर्यत संपेपर्यंत जागचं हलायचं नाही.

हे शेवटचं मी मृणालला, माझ्या बायकोला, सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी उतरत्या गल्लीत तिचा पाय मुरगळला आणि घोटा टम्म सुजला. ती हॉटेलच्या खोलीत पलंगावर बसून म्हणाली, तुम्ही एकटे जाऊन या, आईला गर्दीत नेऊ नका. मी म्हटलं, अगं, बसायची सोय आहे. चौकातल्या विटांच्या फरशीवर लोक बसतात हे मी वाचलं होतं, त्यामुळे ती अगदीच थाप नव्हती. मग माईंकडे बघत तिला म्हणालो, तू नाहीस तर निदान माईंनी तरी यावं, वर्षभराची मेहनत आहे माझी. माईंनी एकदा मुलीकडे पाहिलं आणि बरं म्हणाल्या.

त्याच्याही आदल्या रात्री जेवताना त्यांनी हळूच विचारलं होतं, सोमवारी इथे कुठे नुसते उकडलेले बटाटे मिळतील का. श्रावण लागला होता. मी म्हटलं, "माई, देवाला पण बारा दिवस सुट्टी द्या की. आता मी इटलीत बटाटे शोधत हिंडू का?" आणि जेवण संपेपर्यंत नकाशा उघडून बसलो. माझ्या लेखी ती थट्टा होती. माईही हसल्या होत्या. बटाट्यांचा विषय तिथेच संपला.

पावणेपाचला मिरवणूक सुरू झाली आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. उंच मनोऱ्यावरची घंटा एकसारखी वाजत होती. प्रत्येक पेठेचे लोक मखमलीचे जुने पोशाख घालून, ढोल वाजवत, आपापला घोडा घेऊन चौकाभोवती येत होते. प्रत्येक पथकात दोन झेंडेवाले. ते झेंडे अंगाभोवती फिरवत, पायांखालून काढत आणि मग दोघं एकाच क्षणी आकाशात फेकत. वर झेंडे एकमेकांना ओलांडत आणि याचा त्याच्या हातात, त्याचा याच्या हातात येऊन पडत. एकाचाही झेंडा जमिनीला लागला नाही. माई टाळ्या वाजवत होत्या. पहिल्या तीन-चार पथकांना तर त्यांनी अगदी मनापासून वाजवल्या.

आमच्या शेजारी ओर्नेला नावाची पन्नाशीची बाई उभी होती. गळ्यात पिवळा-तांबडा रुमाल आणि त्यावर गोगलगाय. घोड्यांच्या शर्यतीत गोगलगाईची पेठ, यावर मी केलेला विनोद तिला नीट कळला नाही हे बरंच झालं. मोडकंतोडकं पण कामापुरतं इंग्रजी ती बोलायची. दुपारी घोड्याला पेठेच्या देवळात नेतात, पाद्री त्याला आशीर्वाद देतो आणि जा, जिंकून ये असं सांगतो, हे तिनं मला सांगितलं. घोड्यानं देवळात लीद टाकली तर शकुन चांगला मानतात. मी ते माईंना मराठीत सांगितलं.

"आपल्या बेंदरासारखंच की," माई म्हणाल्या. "मुक्या जनावराला एक दिवस तरी देवपण." आणि समोरून चाललेल्या घोड्याला त्यांनी हात जोडले. ओर्नेलाला ते इतकं आवडलं की तिनं माईंच्या गालाचा मुका घेतला. माई लाजून माझ्याकडे बघू लागल्या.

माझ्या पाठपिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. मी तीनदा विचारलं, तीनदा माईंनी ओठ ओले केल्यासारखं करून बाटली परत दिली. आत कुठेही स्वच्छतागृह नव्हतं आणि मिरजेची बाई जावयाला तसलं काही विचारायची नाही, त्यापेक्षा दिवसभर तहानलेली राहील. हे आज कळतं. तेव्हा मला वाटलं, पाणी वाचलं.

सहाच्या सुमाराला पश्चिमेकडच्या घरांची सावली आमच्यावर आली. कुठे उभं राहिलं तर किती वाजता सावली येईल हे मी फोटो बघून आधीच ठरवलं होतं आणि ते तंतोतंत जमलं. "बघा, म्हटलं होतं ना?" मी माईंना म्हणालो. त्यांच्या कपाळावर, वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. सावलीत घाम कसा, असा विचार एकदा मनात येऊन गेला. पण तेवढ्यात दहा घोडे शर्यतीसाठी बाहेर आले आणि सगळा चौक एकदम पुढे सरकला. बसलेली माणसं उठली. आता टाचणी टेकवायलाही जागा उरली नाही.

घोडे सुरुवातीच्या दोराकडे गेले तशी मनोऱ्यावरची घंटा थांबली. मग तिथे जे झालं ते मी आधी कधी अनुभवलं नव्हतं. कुठला घोडा कुठल्या क्रमानं उभा राहणार याची नावं वाचायची होती. तेवढ्यासाठी अख्खा चौक गप्प झाला. इतकी माणसं आणि घोड्यांच्या लगामाच्या कड्या ऐकू येत होत्या.

"हेमंतराव, मी जरा खाली बसू का?" माईंनी अगदी हलक्या आवाजात विचारलं.

"आता नको, माई. पाच मिनिटांत सुटतील. बसलात तर काही दिसायचं नाही."

"बरं."

पाच मिनिटांत ते सुटले नाहीत. घोडे रांगेत उभे राहत, एक उसळे, दुसऱ्याला लाथ मारी, की पुन्हा सगळे बाहेर. पुन्हा नावं. पुन्हा शांतता. ओर्नेला दातांनी रुमालाचं टोक चावत होती. वीस मिनिटं गेली. मी टाचा उंच करून दोराकडे बघत होतो तेव्हा माझा दंड कुणीतरी धरला.

माई होत्या. एकोणीस वर्षांत त्यांनी मला एकदाही हात लावला नव्हता. मी नमस्कार करायला वाकलो तरी त्यांचा हात माझ्या डोक्याच्या वीतभर वरच थांबायचा. आता त्यांची बोटं माझ्या बाहीत रुतली होती आणि ती बर्फासारखी गार, ओली होती.

"मिरज गेलं का हो?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"कुणी उठवलंच नाही मला. गाडी पुढे गेली वाटतं."

त्या माझ्याकडे बघत होत्या, पण त्यांची नजर माझ्यावर ठरत नव्हती. मग त्यांचे गुडघे वाकले. मी काखेत हात घालून त्यांना धरलं, पण वजन एकदम अंगावर आलं आणि आम्ही दोघंही माणसांच्या पायांमध्ये खाली बसलो. लोकांचे पाय चहूबाजूंनी भिंतीसारखे. त्यांच्या हाताला, हनुवटीला बारीक कापरं भरलं होतं. चेहऱ्याचा रंग राखेसारखा.

मी मदतीसाठी ओरडलो. कुणीतरी वरून शूऽऽ केलं. नावं वाचली जात होती. मी पुन्हा ओरडलो, इंग्रजीत, मग नकळत मराठीत. दहा जणांनी मला गप्प केलं. त्यांची चूक नव्हती, मी खाली होतो, त्यांना वाटलं असेल कुणी परदेशी पिऊन बडबडतोय. माझी पाचावर धारण बसली. भट्टीतून लोखंड सांडलेलं मी पाहिलं आहे, माणूस भाजलेला पाहिला आहे, तेव्हा काय करायचं ते मला ठाऊक होतं. त्या दिवशी नव्हतं. फाटक बंद होतं, भोवती मातीचा रस्ता आणि त्यावर कुठल्याही क्षणी दहा घोडे सुटणार. या बाईला मीच आत आणलं होतं. मृणालला काय सांगू, हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं.

ओर्नेला वाकली. तिनं एकदा माईंचा चेहरा पाहिला आणि आजूबाजूच्या लोकांना दोन्ही हातांनी ढकलत इटालियनमध्ये असं काही सुनावलं की हातभर जागा झाली. मग तिनं गळ्यातला रुमाल सोडला आणि उंच धरून हलवायला लागली. कठड्यापाशी केशरी कपड्यांतले मदतनीस होते. त्यांनी पाहिलं असावं, कारण ती मला म्हणाली, येताहेत, पण गर्दी आहे, वेळ लागेल. मग विचारलं, "मधुमेह आहे?"

मी हो म्हटलं. तिनं तिच्या पिशवीतून पीचच्या रसाची छोटी बाटली काढली, झाकण उघडलं आणि माईंच्या तोंडाजवळ नेली.

मी तिचा हात बाजूला केला.

माईंच्या औषधांचं सगळं मृणाल बघायची. मला त्यातलं एकच माहीत होतं, साखर चालत नाही. आमच्या घरी लग्नकार्यात माईंच्या पानातली जिलबी मी स्वतः उचलून बाजूला ठेवायचो आणि आपण किती काळजी घेतो असं मला वाटायचं. "साखर नाही! साखर नाही!" मी ओर्नेलाला ओरडून सांगितलं. ती विचारत राहिली, यांनी काही खाल्लंय का? मी म्हटलं, हो, हॉटेलात भरपूर नाश्ता केलाय. मृणाल वर खोलीत होती, माई माझ्यासमोर टेबलाला बसल्या होत्या, त्यांच्या ताटलीत पाव होता, फळं होती. ते सगळं पुढे कुठे गेलं हे मी पाहिलं नव्हतं. मी कागद वाचत होतो.

ओर्नेला बाटली हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. तिला पटलेलं नव्हतं, पण परक्याच्या माणसाला ती जबरदस्तीनं कशी पाजणार? माईंचे डोळे मिटत चालले होते. मी त्यांच्या गालावर थापट्या मारल्या. "माई, माई, डोळे उघडा. माझ्याशी बोला."

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तुम्ही मराठी आहात?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"देवासारखे भेटलात." त्यांची जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांवर सांडत होते. "माझे जावई इथेच कुठेतरी आहेत. उंच आहेत. चष्मा आहे. त्यांना सांगू नका हां."

"काय नको सांगू?"

"सोमवार आहे ना माझा." त्यांनी आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकत तर नाही ना असं. "सकाळपासून पोटात काही नाही. मुलगी गोळी देते, ती तेवढी घेतली. नाही घेतली तर ती चिडते. पाव पिशवीत ठेवलाय. त्यांना कळलं तर…"

उपाशी पोटी मधुमेहाची गोळी. एवढं मलाही कळत होतं. माझ्या ओळखीचा भट्टीवरचा एक मिस्त्री असाच कोसळला होता आणि तेव्हा डॉक्टरांनी त्याच्या तोंडात आधी साखर घातली होती. मी ओर्नेलाच्या हातातून बाटली जवळजवळ हिसकावली आणि माईंच्या ओठांना लावली.

त्यांनी ओठ घट्ट मिटले. मान फिरवली. कुठून एवढी ताकद आली कोण जाणे.

"आधी शब्द द्या," त्या म्हणाल्या.

"प्या हो, माई. मग बोलू."

"शब्द द्या. त्यांना सांगणार नाही म्हणून. तुम्हाला ठाऊक नाहीत ते. माणूस वाईट नाही. पण रागावतात. ओरडत नाहीत हो, ओरडले असते तर बरं. बोलणंच बंद करतात. मग माझी पोर दोन-दोन दिवस घरात पाय न वाजवता चालते. मी पाहिलंय. मी त्यांच्या घरी गेले की माझ्यावरून तिला ऐकून घ्यावं लागतं, म्हणून मी जातच नाही फारशी." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "इतकी वर्षं मी सांभाळलंय. आज एका बटाट्यापायी नको."

आमच्या डोक्यावर तीस-चाळीस हजार माणसं श्वास रोखून उभी होती. मी खाली फरशीवर बसून, ज्या माणसाला सांगायचं नाही तोच मी, त्या बाईला काय म्हणणार होतो? क्षणभर मला वाटलं म्हणावं, माई, मीच आहे, हेमंत, मी नाही रागावणार. पण मी ते म्हणालो असतो तर त्यांनी बाटली कधीच तोंडाला लावली नसती. हे मला त्या वेळी स्वच्छ कळलं, आणि त्याइतकी भीती मला त्या संध्याकाळी दुसऱ्या कशाचीच वाटली नाही.

"नाही सांगणार," मी म्हणालो. "त्यांना कधीच कळणार नाही."

"आईशपथ?"

"आईशपथ."

माईंनी तोंड उघडलं. मी थेंब थेंब रस सोडला. पहिला घोट बाहेर आला, हनुवटीवरून ओघळला. दुसरा गिळला. ओर्नेलानं मागून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि घसा चोळायला लागली. तिसरा गिळला. तेवढ्यात तोफेसारखा आवाज झाला आणि सगळा चौक एकाच वेळी किंचाळला.

घोडे सुटले होते. मला दिसले ते पाय. उड्या मारणारे, चवड्यांवर उभे राहिलेले, एकमेकांवर पडणारे पाय. फरशीतून टापांचा धडधडाट माझ्या गुडघ्यांपर्यंत पोचत होता. लोक आमच्यावर कोसळू नयेत म्हणून मी पाठ वाकवून माईंवर ओणवा झालो होतो. कुणाचा तरी गुडघा माझ्या कानाला लागला. एक फेरा झाला, दुसरा झाला. बाटली संपली तेव्हा तिसरा चालू असावा. ओर्नेलानंही वर पाहिलं नाही. तिच्या पेठेचा घोडा वर धावत होता आणि ती माझ्या सासूच्या मानेखाली हात घालून बसली होती. तिचं हे ऋण मी कशानंही फेडू शकलो नाही.

मग एका बाजूनं जल्लोष आणि दुसऱ्या बाजूनं हुंदके उठले, फाटकं उघडली आणि माणसं पाण्यासारखी बाहेर वाहू लागली. त्या प्रवाहाच्या उलट केशरी कपड्यांतले दोघं आमच्यापाशी पोचले. त्यांनी माईंच्या बोटाला सुई टोचली. रस पोटात जाऊनही साखरेचा आकडा त्रेपन्न होता, हवा सत्तरच्या वर. त्यांनी आणखी साखरेचं पाणी पाजलं, स्ट्रेचरवर घेतलं आणि चौकाच्या कडेच्या घरातल्या एका खोलीत आणलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी सांगितलं, रस दिलात ते बरं केलंत, आणखी पंधरा मिनिटं गेली असती तर बेशुद्ध पडल्या असत्या, मग तोंडानं काही देता आलं नसतं. ओर्नेलानं ते मला इंग्रजीत सांगितलं, माईंच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि मग पहिल्यांदा दारातून बाहेर कुणाला तरी विचारलं, कोण जिंकलं.

अर्ध्या तासानं माईंच्या चेहऱ्यावर रंग आला. त्या उठून बसल्या. आधी पदर सारखा केला, मग मी दिसलो.

"अगंबाई, हेमंतराव," त्या म्हणाल्या. "तुमची पँट केवढी मळली. मला ऊन लागलं वाटतं. उगीच तुमच्या सगळ्या दिवसाचा खोळंबा केला मी."

त्यांना काहीच आठवत नव्हतं. मी त्यांच्या डोळ्यांत नीट पाहिलं. आमच्यामध्ये पुन्हा ते नेहमीचं हातभर अंतर आलं होतं आणि त्या अंतराच्या पलीकडे बसून त्या माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होत्या. आभाळ भरून आलं की वाळवण काढायचं की ठेवायचं, असं बघतात तसं. या बाईनं एकोणीस वर्षं माझं तोंड असं वाचलं असेल, आणि मी त्याला सासूची माया समजत होतो.

"ऊनच होतं फार," मी म्हणालो.

"शर्यत बघितलीत ना पण?"

"बघितली."

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि त्यांना खरंच बरं वाटलं.

तो शब्द मी पाळला. तीन वर्षांपूर्वी माई गेल्या, तोवर त्यांना कळलं नाही की मला माहीत आहे. पुढच्या प्रत्येक श्रावणात सोमवारी मी काहीतरी निमित्त काढून त्यांना फोन करायचो आणि बोलता बोलता विचारायचो, आज जेवण काय. त्या दर वेळी सांगायच्या, वरणभात. माझा फोन आला की त्या उभ्या राहून बोलतात, हे मला त्यांच्या मुलानं एकदा हसत हसत सांगितलं होतं.

पण त्या संध्याकाळी अजून मृणालला कळवायचं होतं. चौकातल्या गर्दीत फोन लागत नव्हता, तो आता लागला. पाहिलं तर तिचे अकरा फोन येऊन गेले होते. मी खोलीच्या बाहेर गल्लीत आलो. वरच्या खिडक्यांतून झेंडे लोंबत होते, जिंकलेल्या पेठेची माणसं गात, एकमेकांच्या गळ्यात पडत खाली चालली होती. मी भिंतीला पाठ टेकून तिला सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही. आईला चौकात चक्कर आली, साखर उतरली होती, रस पाजला, डॉक्टरांनी तपासलं, आता उठून बसली आहे. बसायची सोय नव्हती, मी तुला खोटं सांगितलं, हेही सांगितलं.

मला वाटलं, आता ती रडेल, मला हवं ते बोलेल, आणि तिनं बोलावं असं मला पहिल्यांदाच मनापासून वाटत होतं.

"तुम्ही तिला काही बोलला नाहीत ना?" मृणालनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "काही नाही बोललो."

तिनं श्वास सोडलेला मला ऐकू आला. मग तिनं विचारलं, "आई कशी आहे?"